चारी बाजूंची भिंत आणि बांधलेली एक बाजू: पेडण्यातल्या एका घराच्या कुंपणाचं प्रकरण

चवथीच्या दुसऱ्या दिवशी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका घरातून मला फोन आला. मुंबईचा धाकटा भाऊ घरी होता, सावंतवाडीची बहीण त्याच सकाळी पोचली होती, आणि गणपतीवरच्या माटोळीखाली बसून ठरलं होतं की घराला चारी बाजूंनी चिऱ्याचं कुंपण घालायचं. थोरले दादा म्हणाले, "बाय, तू येऊन माप घे आणि चिरे किती लागतील ते सांग. शिमग्याच्या आत काम उरकायचं आहे."

मी डिचोलीला राहते. स्थापत्य अभियंता आहे आणि जुन्या घरांची डागडुजी, विहिरींचे कठडे, कुंपणं अशीच कामं जास्त करते. त्या घरी पहिला चिरा बसला तो मार्चच्या मध्याला, म्हणजे फोननंतर सहा महिन्यांनी. चारी बाजूंच्या भिंतीतली एकच बाजू अखेर बांधली गेली. हे कसं झालं ते सविस्तर लिहिते, कारण गावोगाव आता कुंपणं उठताहेत, आणि त्यांतली कितीतरी पुढच्या पावसात आडवी झालेली किंवा भावाभावांत वाद लावून बसलेली मी पाहिली आहेत. कुटुंबाची परवानगी घेतली आहे. नावं आणि गाव देत नाही.

जागा

घर मोपच्या पठाराच्या उतारावर आहे. सर्व्हे नंबर मोठा. त्यात कुटुंबाच्या जुन्या मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, घरही येतं. तिथे आता त्याच घरातल्या काकी एकट्या असतात. दादांना कुंपण हवं होतं ते आपल्या घराभोवतीच्या साधारण १,१७० चौरस मीटरला. पूर्वेला गावचा रस्ता, ३१ मीटर. उत्तरेला चढ आणि कोरड्या चिऱ्यांचा जुना गडगा, ३८ मीटर, दोन ठिकाणी ढासळलेला. पश्चिमेला २९ मीटर, पलीकडे मळा आणि व्हाळ. दक्षिणेला ४० मीटर, तिकडे काकींचं घर. पुढे अंगण, तुळस, अंगणाच्या दक्षिण कोपऱ्याला विहीर. पार वायव्येला झाडाखाली राखणदाराचा, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचा, दगड.

चिऱ्यांचा हिशेब सोपा होता आणि दादांना तो लगेच हवा होता. एकूण लांबी १३८ मीटर, उंची दीड मीटर, म्हणजे २०७ चौरस मीटर भिंत. जवळच्या खाणीवरचा चिरा मी मोजला तो ३८ सेंटिमीटर लांब, २३ रुंद, १८ जाड. सांध्यातला माल धरला तर एका चौरस मीटरला साडेबारा चिरे. फाटकांची जागा वजा करून अडीच हजार, पायाचे वेगळे. आकडा ऐकून दादांनी मान डोलावली. त्यांनी मनात तेवढेच धरले होते.

मग मी विचारलं, कुंपण कशासाठी?

प्रत्येकानं वेगळं सांगितलं. दादांना हद्द पक्की करायची होती. २०२३ च्या जानेवारीत मोपच्या मनोहर विमानतळावरून विमानं उडू लागली, तेव्हापासून त्या भागात जमिनीकडे बघण्याची लोकांची नजर बदलली आहे. उत्तरेचं भाट (झाडांची जमीन) विकलं गेलं होतं आणि तिथे जेसीबी फिरत होता. वहिनींना रानडुकरांचा जाच होता. अळू, सुरण, कणगी काही हाती लागत नव्हतं. धाकट्या भावाला चोरांची आणि मोकाट कुत्र्यांची काळजी. बहीण त्या वेळी काही बोलली नाही. मी निघताना ती मागच्या दारी आली आणि म्हणाली, "आई मे महिन्यात दोनदा पहाटे उठून बाहेर गेली. एकदा तर पार देवळापर्यंत. माहेरी जाते म्हणत होती. दादा हे कुणाला सांगत नाही."

म्हणजे कामं चार होती. हद्द दाखवायची, डुकरं अडवायची, रस्त्याकडून येणारा माणूस अडवायचा, आणि ऐंशी ओलांडलेल्या, विसर पडत चाललेल्या आईला सांभाळायचं. या चारांना एकच दीड मीटरची भिंत हे उत्तर सगळे धरून बसले होते. ती भिंत हद्दीचं काम करते. चोराला थोडी अडवते. डुक्कर तिच्या ढासळलेल्या किंवा उघड्या टोकाकडून आत शिरतं. आणि आईच्या बाबतीत तिचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण १,१७० चौरस मीटरच्या भाटात पहाटेच्या अंधारात विहीर आहे, चढ आहे, पातेऱ्याखाली, वाळक्या पानांखाली, काय आहे ते दिसत नाही. म्हातारं माणूस रस्त्यापेक्षा त्या भाटातच पडायची शक्यता जास्त.

कुंपण हद्दीवरच असलं पाहिजे असा काही नियम नाही. हद्द दाखवायला चार दगड पुरतात. अडवायचं काय आणि कुठे, हे वेगळं ठरवता येतं. हे वाक्य दादांच्या गळी उतरवायला मला तीन फेऱ्या लागल्या.

पाणी

चवथ पावसातच येते, त्यामुळे मला जागा ओली बघायला मिळाली. मार्चमध्ये बोलावलं असतं तर पुढचं काहीच दिसलं नसतं, म्हणून कुंपणाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते की आधी एक पावसाळा आपली मेर फिरून बघा, छत्री घेऊन, पाऊस पडत असताना.

उत्तरेच्या गडग्याला वरच्या अंगानं पातेरा आणि लाल गाळ टेकलेला होता. खालच्या अंगानं चिऱ्यांच्या फटींतून पाणी झिरपत होतं. तिथून ते भाटभर पसरून पश्चिमेला मळ्यात उतरत होतं. घराच्या जोत्याला शेवाळ होतं ते फक्त वायव्य कोपऱ्यात. पाण्याची वाट अशी स्वच्छ आखलेली होती.

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पडला तर कुणी नवल करत नाही. घराच्या वरचा उतार मी ढोबळ एक हेक्टर धरला. १०० मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर म्हणजे १० लाख लिटर. त्यातलं बरंच जमिनीत मुरतं, पण उरलेलं सगळं त्या ३८ मीटरच्या रेषेवर येतं.

तिथे सिमेंटमध्ये बांधलेली सलग भिंत घातली तर काय होईल ते मी दादांना कागदावर काढून दाखवलं. २३ सेंटिमीटर जाड आणि दीड मीटर उंच चिऱ्याच्या भिंतीचं वजन एका मीटर लांबीला साधारण ७६० किलो. ती उलटायची तर आपल्या पायाच्या कडेवर उलटते, आणि वजन त्या कडेपासून साडेअकरा सेंटिमीटरवर असतं. म्हणजे उलटण्याला तिचा विरोध ८७ किलो-मीटर (किलो गुणिले मीटर, अंतराचं किलोमीटर नव्हे). मागे अर्धा मीटर पाणी साठलं तर ते पाणी २१ किलो-मीटरनं ढकलतं. भिंत हलत नाही. पाणी एक मीटर साठलं की तोच जोर १६७ होतो. उंची दुप्पट झाली की उलटवणारा जोर आठपट होतो, दुप्पट नव्हे. पाया खोल घेऊन, खांब घालून विरोध वाढवता येतो, पण मागे भिजलेली मातीही असली तर जोर आणखी वाढतो. आपल्याकडे कुंपणाच्या भिंती पडतात त्या बहुधा रात्री, जुलैत, आणि अशाच चढाच्या बाजूच्या. मालक मिस्त्रीला दोष देतो. बहुतेक वेळा मिस्त्रीनं सांगितलेलं सगळं नीट केलेलं असतं; पाण्याला वाट ठेवा असं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

जुना गडगा इतकी वर्षं उभा होता तो कोरडा होता म्हणून. फटीफटीतून पाणी सोडायचं आणि माती धरून ठेवायची, हे काम तो बिनबोभाट करत होता. ढासळला होता तो दोनच जागी, जिथे वरून वाट पाडून गुरं उतरत होती.

कागद

जमिनीच्या मालकीचा एक-चौदाचा उतारा पाहिला तर त्यावर आजोबा आणि आजोबांचे भाऊ. त्या भावाचा वंश पुढे चालला नाही, पण नाव तसंच. दादांनी म्युटेशन करून, म्हणजे उताऱ्यावर वारसांची नावं लावून, घेतलं नव्हतं. माझं काम भिंतीचं, कोर्टाचं नव्हे, पण इथे थांबून मी एक गोष्ट विचारली: बहिणीची सही? दादा म्हणाले, "तिचं लग्न झालं, ती सावंतवाडीला." गोव्याबाहेर वाढलेल्या माणसानं असं म्हटलं तर समजू शकते. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून, १८६७ च्या दिवाणी संहितेपासून, मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, आणि नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जात असल्यामुळे जोडीदाराची सहीही लागते. दादांना हे ठाऊक होतं. फक्त या प्रसंगी आठवलं नव्हतं. चवथीला सगळे एका छपराखाली होते, तेव्हाच संमतीपत्र लिहून तिघांच्या आणि तिघांच्या जोडीदारांच्या सह्या घेतल्या. एरवी त्या सह्यांसाठी पुढच्या चवथीची वाट बघावी लागली असती.

मग मोजणी. भूमापन खात्याकडे सीमांकनाचा अर्ज केला, शेजाऱ्यांना नोटिसा गेल्या, आणि जानेवारीत मोजणीदार यंत्र घेऊन आला. आमच्याकडचा नकाशा १:१००० प्रमाणाचा, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर एक मीटर. पेन्सिलीची जाड रेघ अर्धा मीटर जमीन खाते. नकाशावर पट्टी ठेवून हद्द ठरवणारे पाहिले की मला धडकी भरते ती याचसाठी.

मोजणीत निघालं की गडगा पश्चिम टोकाला हद्दीवर आहे, पण पूर्व टोकाला आमच्या बाजूला ८० सेंटिमीटर आत. म्हणजे गडग्यापलीकडे साधारण १५ चौरस मीटरचा एक त्रिकोण आमचा. आणि जेसीबीनं त्यातला काही भाग सपाट केलेला.

दादांचा चेहरा उतरला. त्यांना गडगा मोडून नव्या रेषेवर भिंत हवी होती. मी विरोध केला, आणि तो विरोध मला आजही योग्य वाटतो. गडगा मोडला की चढाची माती मोकळी होते. ८० सेंटिमीटर चढात घुसायचं म्हणजे आणखी उंच माती धरून ठेवणारी भिंत लागते. पंधरा चौरस मीटर जमिनीसाठी घराच्या डोक्यावर तेवढा धोका कशाला? पण गडगा तसाच ठेवला आणि वर्षानुवर्षं कुणी काही बोललं नाही, तर पुढे तोच हद्द ठरू शकतो. खासगी जमिनीवर बारा वर्षांचा उघड, विरोधी ताबा हा वादाचा मुद्दा होतो. म्हणून खऱ्या रेषेवर हद्दीचे दगड पुरले, त्यांचे फोटो काढले, आणि नव्या मालकाबरोबर एक करारपत्र केलं: गडगा ही हद्द नव्हे, दगड ही हद्द, गडगा उतार धरण्यासाठी आहे आणि दोघांनी तो सांभाळायचा. नवा मालक बाहेरचा, पण समजूतदार निघाला. सपाट केलेल्या भागातलं पाणी एकाच जागी गोळा होऊन आमच्यावर येत होतं. त्यानं स्वखर्चानं चर खणून ते नैसर्गिक वाटेला लावून दिलं. समोर बसून बोलल्याशिवाय हे झालं नसतं.

पंचायतीच्या परवान्याबद्दल थोडक्यात. चिऱ्याचं पक्कं बांधकाम म्हणजे परवाना हवाच. आराखडा, सर्व्हे नकाशा, उतारा, सहमालकांची संमती, आणि रस्त्याच्या मध्यापासून सोडायचं अंतर. रस्त्याकडची भिंत आम्ही आराखड्यातच खाली ९० सेंटिमीटर बांधीव आणि वर दीड मीटरपर्यंत उघडी जाळी अशी दाखवली, फाटकं आतल्या बाजूला उघडणारी. फेब्रुवारीअखेर परवाना हातात आला.

काकी

दक्षिणेची बाजू मी शेवटी ठेवली होती, कारण ती सगळ्यांत अवघड होती.

काकी लग्न होऊन आल्या त्या याच अंगणातून. रस्त्यावर जायचं, विहिरीवर यायचं, भाजीवाल्याची हाक ऐकून धावायचं, ते सगळं दादांच्या अंगणातून. दादांनी दक्षिणेलाही भिंत धरली होती, आणि काकींनी रस्त्याला दुसऱ्या वाटेनं यावं असं त्यांच्या मनात होतं. वाईट हेतू नव्हता. विचारच केला नव्हता.

मुंडकार कायदा १९७५ चा. त्यानुसार मुंडकाराला घरातून काढता येत नाही, आणि घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. पंचायत क्षेत्रात त्यात भोवतालची जमीन धरून ३०० चौरस मीटरपर्यंतचा विचार होतो. जाण्यायेण्याची वहिवाट तोडता येत नाही. उताऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात काकींच्या सासऱ्यांचं नाव होतंच. वहिवाटीची वाट भिंतीनं अडवली असती तर काकींचा पुतण्या मामलेदाराकडे गेला असता, आणि बरोबरच गेला असता.

मी, दादा आणि वहिनी काकींच्या ओसरीवर जाऊन बसलो. दादांनी विषय काढला. काकी म्हणाल्या, "बाबा, तू भिंत घाल. मी वळसा घालून येईन. पाय आहेत तोवर येईन." दादांना पुढे बोलता येईना. वहिनींनीच म्हटलं, "काकी, वाट बंद करायची नाही. कुठून ठेवायची ते तुम्ही सांगा."

मग काकी उठल्या आणि चालून दाखवू लागल्या. वाट अंगणाच्या मधून न जाता चार मीटर दक्षिणेकडून, विहिरीला लागून गेली तरी चालेल म्हणाल्या. रुंदी किती ठेवायची यावर मी एक मीटर म्हटलं. त्या थांबल्या. "शिगम्याचा मेळ कसा येणार? ढोलवाल्याला वळायला नको? आणि माझं मढं ह्याच वाटेनं जायचं आहे, त्याला काही आडवं येता कामा नये." दीड मीटर ठरली. गाव असंच मोजतं आणि ते माप बरोबर असतं. खुर्चीत बसवून आजारी माणूस न्यायचा झाला तरी दीड मीटरच लागतो.

कागद करायचा म्हटल्यावर मात्र काकी बिथरल्या. "कागद कशाला? कागद केला की भांडणाला सुरुवात." उलट दादांना वाटत होतं की कागद केला तर काकींना नवे हक्क जातील. दोघांनाही मी एकच सांगितलं: हक्क कायद्यानं आहेतच, कागदानं ते वाढत नाहीत की कमी होत नाहीत, कागदात फक्त जागा आणि रुंदी लिहायची. "काकी, तुम्ही आणि दादा आहात तोवर कागद नकोच. तुमच्या पुतण्याला आणि दादांच्या मुलांना तो लागेल." मजकूर मराठीत लिहिला. काकींनी तो दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, "विहिरीचं कुठे आहे?" नव्हतं. वाट लिहिली होती, पाणी भरण्याचा हक्क लिहायचा राहिला होता. मी लिहिलेल्या मजकुरातली ती चूक काकींनी पकडली. ते वाक्य घातलं, मग सह्या झाल्या.

बांधलं ते

पूर्वेला, रस्त्याकडे, चिऱ्याची भिंत. रस्त्यालगत एक जुना फणस नेमका रेषेवर होता. धाकटा भाऊ म्हणाला, तोडून टाकू. झाड तोडायला १९८४ च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते. (माडाला २०१६ मध्ये त्या कायद्यातून वगळलं होतं, लोकांनी आवाज उठवला, आणि २०१७ मध्ये माड परत आत आला, तोही राज्यवृक्ष म्हणून.) पण परवानगीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी फणस तोडायची गरजच नव्हती. बुंध्याच्या दोन्ही अंगांना मुळं चुकवून एकेक खांब घेतला, मधल्या अडीच मीटरमध्ये पाया खणलाच नाही, जमिनीपासून वर उचललेली काँक्रीटची तुळई टाकली आणि त्यावर नुसती जाळी. बुंध्याला वाढायला जागा सोडली. फणस त्याच वर्षी धरला.

उत्तरेला भिंत नाही. गडगा ढासळला होता तिथे तळाला ६० सेंटिमीटर आणि माथ्याला ३० असा निमुळता, कोरडाच रचून घेतला. हे काम करणारे गडी आता फार कमी उरले आहेत. साठी ओलांडलेला एक जण भेटला, त्यानं पाच दिवसांत केलं, आणि एकही चिरा नवा घेतला नाही.

पश्चिमेला डुकरं. गावातल्या एकानं सुचवलं की रात्री तारेत घरचा करंट सोडा. मी तिथल्या तिथे सांगितलं की तसं झालं तर मी या कामात नाही. त्यानं माणसं मरतात, गुरं मरतात आणि तो गुन्हा आहे. डुक्कर सहसा उडी मारत नाही, खालून उकरून शिरतं. म्हणून अडीच-अडीच मीटरवर काँक्रीटचे खांब, तारा, आणि तळाला जाड जाळी, जिचा ३० सेंटिमीटर भाग बाहेरच्या अंगाला जमिनीवर पसरून त्यावर दगड ठेवले. डुक्कर कुंपणाच्या मुळाशी उकरतं आणि तिथेच त्याला जाळी लागते. माकडांसाठी काही केलं नाही. माकडाला अडवणारं कुंपण मला माहीत नाही.

खांबांच्या आत जिवंत कुंपण. वहिनींना शेर हवा होता, कारण तो लवकर दाट होतो. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची वेळ येते. घरात आई आणि सुट्टीत मुलं, म्हणून नको म्हटलं. मोगली एरंडाच्या बिया मुलं तोंडात घालतात आणि त्या विषारी असतात, तोही नको. गिरीपुष्पाच्या मनगटाएवढ्या काठ्या, मध्ये निरगुडी आणि अडुळसा. अडुळशाला गुरं तोंड लावत नाहीत, आणि गिरीपुष्पाचा पाला माडांच्या मुळाशी घालता येतो. सगळं मृगाच्या पावसावर लावलं. राखणदाराच्या कोपऱ्यात तारा दोन मीटर आत वळवल्या, दगड बाहेर ठेवला, दोन्ही बाजूंनी जाता येईल असा. काम सुरू करण्याआधी तिथे गाऱ्हाणं घातलं गेलं. मी हात जोडून उभी होते.

आईसाठी अंगणाला वेगळं आतलं कुंपण. खाली ४५ सेंटिमीटर चिऱ्याचा कट्टा, बसता येईल असा, वर जाळी, एकूण १.२ मीटर. विहीर मुद्दाम त्याच्या बाहेर ठेवली आणि तिच्या तोंडावर लोखंडी जाळीचं झाकण बसवलं. तुळशीभोवती गोल फिरता येईल अशी फरशीची वाट, कारण अशा माणसाला चालायचं असतं. चालणं अडवलं की चिडचिड वाढते. फाटकाला कुंपणाचाच रंग दिला, त्यामुळे ते वेगळं उठून दिसत नाही, आणि कडी बाहेरच्या बाजूला, खाली. कुलूप नाही. आग लागली, काही झालं, तर कुणालाही हात घालून उघडता आलं पाहिजे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं अंगण दिसतं.

दक्षिणेला भिंत नाहीच. आतलं कुंपण, त्यालगत काकींची दीड मीटरची वाट, आणि पलीकडे जास्वंदीची रांग. अडीच हजार चिऱ्यांच्या जागी पूर्वेची भिंत आणि कट्टा मिळून आठशेच्या आत चिरे लागले.

जूनमधली चूक

पूर्वेची भिंत घराच्या खालच्या अंगाला नाही, तरी अंगणातलं पाणी ईशान्य कोपऱ्यातून रस्त्याच्या गटारात जातं. तिथे भिंतीच्या तळाला मी तीन मोऱ्या ठेवल्या होत्या. आराखड्यात होत्या. बांधताना ठेवल्याही गेल्या. पण एप्रिलमध्ये गिलावा करताना मिस्त्रीच्या माणसांनी त्यांतल्या दोन बुजवून वर गुळगुळीत गिलावा ओढला. भोकं दिसतात म्हणून, आणि उंदीर येतील म्हणून. मी शेवटची फेरी भिंतीच्या रस्त्याकडच्या बाजूनं मारली, आतून मारली नाही. जाताना त्या माणसांना मोऱ्या कशासाठी आहेत हे एकदा सांगितलं असतं तर त्यांनी त्या बुजवल्या नसत्या. ते माझं राहिलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सहाला वहिनींचा फोन आला: कोपऱ्यात वीतभर पाणी आहे आणि चढतंय. मी डिचोलीहून पोचेपर्यंत दादांनी पहारेनं एक मोरी फोडली होती. दुसरी आम्ही दोघांनी मिळून उघडली. भिंत हलली नव्हती. वीतभर पाण्यानं ती हलतही नाही. जुलैत, रात्री, कुणी जागं नसताना हेच झालं असतं तर वेगळा हिशेब झाला असता. आता तिन्ही मोऱ्यांना लोखंडी जाळ्या आहेत, म्हणून उंदरांची तक्रार नाही, आणि आतल्या बाजूला तांबड्या रंगाचे बाण काढले आहेत.

आई पहाटे उठते, फाटकापर्यंत जाते, तुळशीला दोन-चार वळसे घालते आणि कट्ट्यावर बसते. काकी वाटेवरून विहिरीवर येतात तेव्हा जाळीच्या दोन बाजूंना दोघी बोलत असतात. आई कधी काकींना ओळखते, कधी माहेरची कुणी समजते. म्युटेशनचा अर्ज दादांनी अखेर दिला आहे, निकाल यायचा आहे. पश्चिमेला अडुळशाची सात रोपं पाणी तुंबून कुजली. तिथे जमीन थोडी उचलून पुढच्या मृगाला निरगुडी लावायची आहे.